फणीत राहिलेले वीस धागे

रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, भक्तीच्या वेळी सगळी मंडळी उभी राहून आपला विश्वास बोलून दाखवायची, तेव्हा देहाच्या पुनरुत्थानाचं वाक्य आलं की मी तोंड मिटून घ्यायचो. माझी बायको मार्था जाऊन पाच महिने झाले होते. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. मी माझ्या हातांनी तिला माती दिली होती. ती पुन्हा उठेल, हे म्हणायला जीभ रेटत नव्हती. पाळकसाहेब समजूत घालायला आले, त्यांना मी धड बसासुद्धा म्हटलं नाही. मुळात मी तापट, त्यात दुःखाचं निमित्त मिळालेलं.

आमचं घर वडगावातलं, विणकराचं. गल्लीत वीजमाग खडखडू लागले होते, तरी आमचा हातमाग चालू होता. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की विणकर तो मुळापासून काढत नाही. कापड कापून घेतो, पण जुन्या धाग्यांची टोकं फणीत, म्हणजे मागाच्या दातेरी कंगव्यात, ओवलेली तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पीळ देऊन जोडतो. हे सांधायचं काम मार्था करायची. ती गेल्यावर एका दुपारी मागाकडे बघवेना, म्हणून मी कात्री घेतली आणि ती टोकं कापून उपसून टाकली. शुद्ध वेडेपणा. रिकाम्या फणीत सगळे धागे नव्यानं ओवायला दोन माणसं लागतात, एक मागून धागा पुढं करणारं आणि एक ओढून घेणारं. मदतीला आलेल्या शेजाऱ्यांना मी केव्हाच घालवून दिलं होतं. मग ठरवून टाकलं, माग मोडून काढायचा. ईस्टरच्या पहाटे मंडळी दफनभूमीत गाणी म्हणायला जाते, तिकडेही यंदा फिरकायचं नाही.

ईस्टरच्या आधीच्या सोमवारी दुपारी दारात एक वयस्क सिस्टर येऊन उभ्या राहिल्या. कॅथलिक मठातल्या. कुणा आजारी बाईला बघायला निघाल्या होत्या आणि घर चुकून माझ्याकडे आल्या होत्या. आम्ही प्रॉटेस्टंट. त्यांच्या मेणबत्त्यांना आणि जपमाळांना नावं ठेवतच मी मोठा झालो. पलीकडची गल्ली, असं तुटकपणे सांगून मी मान फिरवली. पण बाईंची नजर मागावर गेली होती. त्या गदगकडच्या, विणकराच्या लेक निघाल्या. मी ‘या’ म्हणायच्या आधीच आत आल्या, फणीवरून बोट फिरवत गेल्या आणि कडेला थांबल्या. काठाजवळचे वीसेक धागे माझ्या कात्रीतून सुटले होते. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

हे कुणी ओवलं होतं, असं त्यांनी विचारलं. बायकोनं, म्हटलं, गेली ती.

त्यांनी ते धागे अलगद बोटांवर घेतले. मग कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "एवढं तरी कापू नगा, अण्णा. तिला भेटायचं हाय न्हवं?"

एरवी मी उखडलो असतो. त्या दिवशी खाली बसलो आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा रडलो.

आजारी बाईला भेटून सिस्टर परत आल्या, आणि मग शनिवारपर्यंत रोज दुपारी येत राहिल्या. गुड फ्रायडेला तेवढं काम बंद. आधी आम्ही ते वीस धागे नव्या ताण्याला सांधले, मग उरलेले ओवायला घेतले. मार्था जिथं बसायची तिथंच बसून त्या एकेक धागा पुढं करायच्या. उपदेश एका शब्दाचा नाही. शेवटी मीच न राहवून विचारलं, मेलेली माणसं उठतील असं तुम्हाला खरंच वाटतं का.

"रोज न्हाय वाटत," त्या म्हणाल्या. "वाटत न्हाय त्या दिवशी बी उठायचं, कामाला लागायचं. तुमी देवळात म्हणता तेच आमी बी म्हणताव. एकाचा आवाज बसला तर दुसऱ्यानं म्हणायचं."

ईस्टरच्या पहाटे मी दफनभूमीत गेलो. मार्थाच्या कबरीपाशी उभा राहिलो. गाण्यांनंतर मंडळी विश्वास म्हणू लागली आणि पुनरुत्थानाचं ते वाक्य आलं तेव्हा मीही म्हटलं. शंका फिटली म्हणून म्हटलं असं नाही. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज घातला, इतकंच. सोमवारी सकाळी मागावर बसलो.

त्या उन्हाळ्यात सिस्टरांची दूर कुठं तरी बदली झाली. पुन्हा भेट नाही. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते मी देवाजवळ मानतो. चुकल्या घरी त्यांना कुणी पाठवलं, याचा खल मी करत नाही. त्यानंतर कितीतरी ताणे आले आणि संपले, प्रत्येक ताणा आधीच्याला सांधलेला. आज मागावर जी साडी आहे तिच्या काठाचा धागा मागं मागं शोधत गेलं, तर तो मार्थाच्या हातापाशी जाऊन पोचतो. तिला उठवायचं काम देवाचं. मी टोक धरून बसलो आहे.