बाळंतिणीच्या खोलीतले डास

"मलेरिया आहे. तुम्हालाही आणि बाळालाही," सोलापूरचे डॉक्टर म्हणाले. घरात तर सगळ्यांनी बाळंतरोग ठरवून टाकला होता. मी तापातच विचारलं, "मग पोरगी वाचेल ना?" ते लेकीची नाडी बघायला वाकले.

त्याआधी त्यांनी आमचा दोघींचा ब्लड स्मिअर घेतला होता, म्हणजे बोटातून थेंबभर रक्त काढून काचेवर पसरतात आणि यंत्राखाली बघतात. माझ्या बोटाचं काही वाटलं नाही. लेकीची टाच टोचली तेव्हा ती रडलीसुद्धा नाही.

अणदूरच्या आमच्या घरात बाळंतिणीची खोली आत, बिनखिडकीची. माझे दिवस भरत आले तेव्हा गावात डी.डी.टी.ची फवारणी झाली. डास भिंतीवर बसला की मरावा, म्हणून हे औषध. फवारणारे बजावून गेले, एवढ्यात सारवू नका. पण सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी शेणामातीनं खोली सारवून घेतली. बाळंतिणीची खोली सारवलेली नको का, म्हणे! औषध गेलं शेणाखाली.

मला मुलगी झाली. मग मलेरिया खात्याचा माणूस आला. फवारणीनंतरही गावात कोणते डास उरलेत, हे बघायचं त्याचं काम. अंधाऱ्या जागी बॅटरी मारायचा आणि काचेच्या नळीनं डास ओढून घ्यायचा. गोठा बघून तो माझ्या खोलीशी आला.

"आजी, तापाचा डास अंधारातच दडतो. एवढी खोली बघू द्या."

"बाळंतिणीच्या खोलीत परका बाप्या? लाज हाय का न्हाय?" सासूबाई दारात आडव्या झाल्या. आत डास मला न् लेकीला फोडून खात होते. पण नव्या सुनेचं कोण ऐकतंय?

पुढं मला हुडहुडी भरली. वारं लागलं म्हणून सासूबाईंनी दाराच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबल्या. पोरगी दूध ओढेना, तिचं अंग नुसतं भाजत होतं, तेव्हा कुठं मालकांनी आम्हाला मोटारीत घातलं.

दवाखान्यात कडूजहर गोळ्यांनी माझा ताप उतरला. लेक गेली. "फार उशीर केलात," एवढंच डॉक्टर म्हणाले. छाती दुधानं दाटून यायची आणि मी ते मोरीत पिळून टाकायची. यापेक्षा वाईट मी काही भोगलं नाही.

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "पोरगीच तर होती." पुढच्या फेरीला तोच माणूस आला. या वेळी सासूबाईंनी स्वतः कडी काढली. "जा की. आता आत कोण हाय?"

खोलीत धरलेला डास त्यानं नळीत मला दाखवला. ॲनाफिलीस, म्हणजे मलेरिया पसरवणारा डास. बसताना शेपटाकडून वर उचललेला असतो. मी म्हटलं, "धरा दादा. एकूण एक मेले धरा."

दुसऱ्या बाळंतपणाला मी बाज ओसरीवर टाकली. सासूबाईंनी मला चारचौघांत निर्लज्ज म्हटलं. म्हणू देत! बायांनो, असा डास धरणारा माणूस दारात आला तर पदर सावरा आणि वाट द्या. त्याचे आणि डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

ही दुसरी जगली. दिवसभर तिला हाका मारून माझा घसा बसतो. पहिलीचं बारसं माझ्या तापात राहून गेलं. तिची लई आठवण येते, पण हाक मारायला माझ्याकडं तिचं नावच न्हाय.