घुडेबाईंचा पेढा

निकाल लागला की आमच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात पेढे वाटले जात. आरोपी सुटला तर त्याचे नातेवाईक वाटायचे, दोषी ठरला तर पोलीस. दुकान एकच, त्यामुळे चवीवरून निकाल कळत नसे. सरकारी वकील सुमन घुडे तो पेढा हातात घ्यायच्या, कागदात गुंडाळायच्या आणि पर्समध्ये ठेवायच्या. "शुगर आहे," म्हणायच्या.

त्यांना शुगर नव्हती. चहात दोन चमचे साखर घालून वर ती कमी पडली म्हणून कुरकुरायच्या. आम्ही दोघे एकाच टेबलावर बसणारे सरकारी वकील, म्हणून मला हे ठाऊक. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "दोषी आहे एवढंच सांगितलंय अजून. शिक्षा किती, ते ऐकू दे. ती पटली नाही तर वरच्या कोर्टात जायला मुदत असते. ती संपेस्तोवर कसला पेढा?" मुदत संपेपर्यंत पेढ्याचा खडा झालेला असे. तो त्या चहात बुडवून खात.

बाई मुरबाड तालुक्यातल्या, टोकावड्याच्या बाजूच्या. न्यायालयात त्यांचं मराठी इस्त्री केलेलं असे, साक्षीदाराशी बोलताना मात्र थेट घरचं. "घाबरतोस कशाला रे? तू पायलास ना? मग पायलास तेवढाच सांग. जास्तीचा नको सांगू, ते सांगायला वकील हायेत."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आटगावजवळच्या एका शेडवर धाड पडली. बाहेर पाटी रंगाच्या कारखान्याची, आत नशेच्या गोळ्या बनत होत्या. लगेच शहापुरात धाड घालणाऱ्या पोलिसांचा सत्कार झाला. फलकावर गावाचं नाव चुकलं होतं, मान्यवरांची नावं मात्र काना-मात्रेसह बरोबर होती. एका वक्त्याने नशेचा नायनाट झाल्याचं जाहीर केलं. खटला अजून उभाही राहिला नव्हता. बाई मागच्या खुर्चीत बसून शाली मोजत होत्या.

या खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार काळू, शेणव्याच्या वरच्या पाड्यावरचा. रंग ढवळायचा म्हणून मालकाने त्याला कामाला ठेवलं होतं. पिंपातल्या वाफेने त्याचे डोळे गेले, सावली दिसेल एवढीच नजर उरली. मालकाला रोज समोर पाहिलेला माणूस तोच. साक्षीच्या आधी मालकाची माणसं पाड्यावर जाऊन बसून आली होती. साक्षीच्या दिवशी काळू व्हरांड्यात भिंतीला धरून उभा होता.

"बाय, आमी सांगू खरा. पन तो सुटून आला तं आमी कुठं जायाचा?"

"सुटून यायचा नाय, काळूदादा. आला तरी लवकर नाय यायचा. मी सांगते ना."

काळूने साक्ष दिली. उलटतपासणीत बचावाच्या वकिलाने विचारलं, "तुला दिसत नाही, तर मालक कसा ओळखलास?" काळू म्हणाला, "दिसत व्हता तवाच वळखला. आता तुमी कोन ते नाय दिसत, पन बोलनं मालकाच्याच बाजूचं हाय." न्यायाधीशांनी हसू आवरलं. बाई हसल्या नाहीत.

मालक दोषी ठरला. पेढे आले. मग शिक्षा आली. सुकलेल्या गोळ्या थोड्या होत्या, बाकी माल ओला, पिंपात आणि परातींत; तो तयार नसल्याने शिक्षा ठरवताना वजनात धरला गेला नाही. वर मालकाचं वय, मुलीचं ठरलेलं लग्न आणि देवळाला दिलेली देणगी, हे सगळं लक्षात घेतलं गेलं. जी शिक्षा झाली, तिच्यातली बरीचशी खटला चालेपर्यंत तुरुंगातच सरली होती.

बाईंनी शिक्षा वाढवून मागणारं अपील करावं असा प्रस्ताव तयार केला. आमचे वरिष्ठ वैतागले. "अहो बाई, दोषी ठरलाय, पेपरात आलंय, सत्कारसुद्धा झालाय. आता वर गेलात तर तिथे तो सुटकाच मागेल. हातचं जाईल."

"जाईल की राहील, ते वरच्यांना ठरवू दे ना, साहेब. परातीत माल ओला होता म्हणे! भात अर्धा शिजलाय म्हणून चूल पेटलीच नव्हती का?"

वरिष्ठांनी सही केली. प्रस्ताव पुढे गेला, अपील दाखल झालं. पण त्याची सुनावणी लांबली आणि मालकाची शिक्षा आधी संपली. तो परत आला. त्याने शेडमध्ये सत्यनारायण घातला. सत्काराच्या व्यासपीठावरचे दोन मान्यवर तिथे प्रसादाला होते. काळू बायकोपोरांना घेऊन टोकावड्याला, सासुरवाडीला गेला. बाईंना हे कळलं त्या दिवशी त्यांनी चहात साखर घातली नाही.

पुढे त्या आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झालेला. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "वकीलसाहेब, रडायला आलात की तारखेचं सांगायला? अपिलाच्या सुनावणीला हजर राहा. काळूदादाला मी शब्द दिलाय. मी गेले तर तो खोटा पडायला नको."

त्या गेल्या. पावसाळा सरल्यावर अपिलाचा निकाल लागला. परातीतला माल धरला गेला, शिक्षा वाढली, मालकाला पुन्हा तुरुंगात जावं लागलं. मी टोकावड्याला गेलो. काळू अंगणात बसला होता. माझ्या पावलांकडे कान देऊन म्हणाला, "बाय नाय आल्या?"

मी सांगितलं. त्याने जमिनीवर हात फिरवला. मग विचारलं, "वाढली का पन?"

"वाढली."

"तवा बाय बोलल्या ते खराच झाला." बायकोला हाक मारून म्हणाला, "आपुन जाऊ गो घरला. भाताला अजून टाइम हाय, लावनी भावकीनं केली, कापनी आपल्या हातानं करू."

बाईंच्या खुर्चीत आता दुसरे वकील बसतात. परवा एका खटल्यात आरोपी दोषी ठरला. हवालदार खोका घेऊन आला. मी पेढा घेतला, कागदात गुंडाळला आणि खिशात टाकला.

"साहेब, शुगर आहे का?" त्याने काळजीने विचारलं.

मी हो म्हणालो.