आम्हाला काही लागत नाही

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली तेव्हा मी पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावत होते. आमचे सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत पेपर वाचून दाखवायचे आणि मास्तरासारखे एकेका देशाला पास-नापास करायचे. हाँगकाँगात दवाखान्यांपुढे रांगा, नापास. जपानात शाळा बंद, नापास. इंग्लंडात साथ अजून पोचलीच नव्हती, म्हणून इंग्लंड पास. "आणि आपण?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मुंबई गेली कामातून. पण आपली पिंपरी पहिल्या नंबरात!"

त्याचं कारण आम्हा बायकांकडे तयार होतं. कारखान्याचा आंबूस वास आमच्या लुगड्यांना, केसांना, डब्यातल्या भाकरीलासुद्धा असायचा. मरायला टेकलेला माणूस ज्या औषधानं उठून बसतो ते आम्ही दिवसभर हुंगतो, आम्हाला काय धाड भरणार! हे सगळ्यात मोठ्यानं मीच सांगत फिरायचे. साताऱ्याकडची मी, तोंडाला कुलूप ठाऊक नव्हतं.

शेजारच्या खोलीत सायकली दुरुस्त करणारा मुसलमान मिस्त्री आणि त्याची बायको राहायची. मी नवीन बिऱ्हाड मांडलं तेव्हा चुलीला पहिला विस्तव तिनं दिला होता. साथीच्या ऐन भरात तिला मुलगी झाली, लग्नानंतर सात वर्षांनी. मिस्त्री दारात स्टूल टाकून बसायचा आणि येईल त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचा, सख्ख्या बहिणीलासुद्धा. "साथ सरू दे, मग या." मला मात्र उठून वाट द्यायचा. "भाभी कारखान्यातली. तिच्याकडनं काही लागत नाही."

काय मान वाटायचा मला त्याचा! कामावरून सुटले की वास जाऊ नये म्हणून लुगडंही न बदलता मी तशीच तिच्याकडे जायचे. एका संध्याकाळी माझा घसा खवखवत होता. "घरी जाऊन पड गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, भुकटी गेलीय घशात. औषधच ते, बरंच झालं." आणि तिच्या अंगाला तेल चोळत बसले.

दोन दिवसांत आम्ही दोघीही तापलो. मी भिंतीच्या या बाजूला, ती त्या बाजूला. कारखान्याच्या डॉक्टरांना मी म्हटलं, मला आपलंच इंजेक्शन टोचा, शेजारणीलाही टोचा. ते म्हणाले, "बाई, या तापाचे जंतू त्यानं मरत नाहीत. वासाचं तर सोडाच." त्यांना हसू येत होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सहाव्या दिवशी ती गेली.

तिला माती देऊन आल्यावर मिस्त्री माझ्या दारात उभा राहिला, पोर दुपट्यात गुंडाळलेली. मला अजून खोकला होता.

"बहिणीला आणायला जातो. तोवर हिला घ्या, भाभी. तुमच्याकडनं काही लागत नाही."

त्यानं पोर पुढं केली. मी हात मागं घेतले आणि भिंतीला चिकटले.

"आमची पोर म्हणून?" त्यानं विचारलं. "विस्तव घेताना चालला होता तुम्हाला."

नाही रे बाबा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण मग खरं काय ते सांगावं लागलं असतं. मी मान खाली घातली आणि होय म्हटलं. तो पोरीला घेऊन तसाच परत फिरला.

पावसाळा सरता सरता इंग्लंडही नापास झालं. "आपल्यातलं एकही माणूस गेलं नाही," सुपरवायझर म्हणाले. सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं, आता ही काहीतरी बोलणार म्हणून. मिस्त्रीची खोली तोवर रिकामी झाली होती. मी पुढची बाटली घेतली आणि लेबल लावलं.