गुरुवारचं पातेलं

चूक झाली ती सांगणाऱ्याच्या जिभेची. जिभेला हाड नसतं हे खरं, पण चार माणसांत जेवायला बसल्यावर तिला निदान लगाम तरी असावा. बाइंडिंगच्या कारखान्यात बिलं फाडणाऱ्या या शहाण्याने वाटाण्याच्या भाजीचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि कटिंग मशीनवरच्या पंचनाम्याला म्हटलं, "दादा, अगदी तुमच्या आईच्या हातची चव."

भाजी पंचनाम्याच्या घरची नव्हती. ती खळ्याने आणली होती.

पंचनामा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. माणसाने ते स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं. दूध पातेल्यात ओतण्याआधी तो हुंगायचा, ओतल्यावर पुन्हा हुंगायचा, मधल्या वेळात कुणी काही केलं असलं तर. नवा सदरा आणला की बटणं ओढून बघायचा. कुणी सहज "बरे आहात ना?" विचारलं तर "का, कोण काय म्हणालं?" हे त्याचं उत्तर ठरलेलं. कागदाचे गठ्ठे मशीनखाली सरळ लावण्यात मात्र त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. पातं खाली येण्याआधी तो त्या पात्यावरही संशय घ्यायचा, म्हणून दहा बोटं अजून शाबूत होती.

कारखान्यात जेवणाची पद्धत सोपी होती. बाहेरचं खाणं खिशाला झेपत नव्हतं आणि पाच जणांनी पाच डबे आणण्यापेक्षा रोज एकाने मोठं पातेलं आणायचं असं ठरलं होतं. पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतून सगळ्यांत मिळून. पातेल्यात भाजी नाहीतर डाळ, कारण पुस्तकांचे छापील फर्मे शिवणाऱ्या बाई मांस खात नसत आणि महिनाअखेरीला बाकीच्यांनाही ते परवडत नसे. सोमवार पंचनाम्याचा, गुरुवार खळ्याचा.

एके काळी सोमवार म्हणजे सणच असायचा. पंचनाम्याची आई वाटाणे, बटाटे आणि गाजराचे तुकडे घालून साधीच भाजी करायची, पण कांदा एवढा वेळ परतायची की तो साखरेशी नातं सांगू लागे. वरून भरड मिरी. लोक पातेलं पावाने पुसून काढायचे. घासायचं कामच उरत नसे.

मग तो गॅसचा प्रकार झाला. वाटाणे उतू गेले, जाळ विझला, गॅस घरभर पसरला आणि आई खिडकीत बसून रस्ता बघत होती. समोरच्या बाईंना वास आला म्हणून निभावलं. पंचनामा घरी आला तेव्हा जिन्यात अर्धी इमारत जमलेली. त्या दिवसापासून तो कामावर निघताना शेगडीची बटणं उपटून विजारीच्या खिशात घालून आणू लागला. चालताना खिसा खुळखुळायचा. सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक त्याने स्वतःकडे घेतला आणि सोमवारी उकडलेला कोबी येऊ लागला. कोबीबद्दल कुणी काही बोललं नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये.

खळ्याचं वेगळंच होतं. त्याचं काम पुठ्ठ्याला लावायची खळ शिजवण्याचं. पहाटे भट्टी पेटवायची, खळ घोटायची, मग ती निवेपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, त्याला मोकळीक. परगावचा, एकटा, सडपातळ माणूस. गुरुवारी त्या मोकळ्या वेळात तो घरी जाऊन पातेलं शिजवून आणायचा आणि सगळ्यांना वाटायचं, खळीच्या बादलीशी अदलाबदल झाली. त्याचा गुरुवार काढून घ्यावा आणि त्याला नुसता बेकरीत पाठवावा अशी कुजबुज सुरू झाली होती. आणि एका गुरुवारी भाजी एकदम चांगली निघाली. पुढच्या गुरुवारी आणखी चांगली. आयत्या सुखाला कुणी कारण विचारत नाही. सांगणारा तेवढा चव ओळखून बोलून बसला.

पंचनाम्याने दुसरा घास सावकाश चावला आणि चमचा खाली ठेवला. कांदा कशात परतलास, म्हणून त्याने खळ्याला विचारलं. तेलात, खळ्या म्हणाला. मिरी? वरून. कुणी शिकवलं? खळ्याने भट्टीकडे पाहिलं, खळ आटतेय म्हणाला आणि पाव हातात घेऊनच उठला. खळ केव्हाच उतरवलेली होती.

पंचनाम्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. संध्याकाळी घरी जाऊन त्याने आधी शेगडीवर हात ठेवला. गार. तेलाच्या बाटलीवर पेन्सिलीची खूण केलेली होती, तेल खुणेला होतं. टोपलीतले बटाटे होते तेवढेच. पण आईने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तिच्या बोटांना लसणाचा वास आला.

"लसूण कशाला सोललास?"

आई क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, डास फार झालेत, हाताला चोळला.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यावर तर आंधळ्यालाही संशय आला असता. जिने उभ्या जन्मात कुणाच्या स्वयंपाकाला बरं म्हटलं नाही, ती हल्ली त्याच्या कोबीला "छान झालाय" म्हणत होती. पाणी मुरत होतं ते इथेच.

दुसऱ्या दिवशी तो भांड्यांच्या दुकानात गेला आणि शेगडीचं बटण काढून विचारलं, हे दुसरीकडे मिळतं का. दुकानदाराने अभिमानाने सांगितलं, काळजी नको साहेब, कुठलंही बटण कुठल्याही शेगडीला बसतं. संपलं. म्हणजे खळ्या बटणं घेऊन घरी येत असणार. पण एका म्हातारीकडून त्याला काय हवं होतं? जेवताना पंचनाम्याने आईच्या कानातलं निरखून पाहिलं. होतं. घराचे कागद कपाटात होते. मग काय? तो आपल्या घरात गॅस पेटवतो आणि खळ निवली की पळतो, मागे ही एकटी, जाळ चालू. या चित्रापाशी आला की तो उठून शेगडीवर पुन्हा हात ठेवून यायचा. बाकी सगळे संशय त्याला आवडायचे, हा एक मात्र नाही.

पुढच्या गुरुवारी त्याने दात दुखतोय म्हणून मालकांकडून रजा घेतली आणि स्वतःच्याच इमारतीसमोर उभ्या ट्रकमागे चोरासारखा जाऊन थांबला. खळ्या आलाच नाही. उलट आईच बाहेर आली. गुडघ्यांमुळे कोपऱ्यापर्यंत जाववत नाही म्हणणारी आई तरातरा चालत भाजीच्या गाडीशी गेली, मऊ पडलेल्या गाजरांवरून गाडीवाल्याशी भांडली, ती निम्म्या भावात घेतली आणि पिशवी सावरत मागच्या गल्लीत वळली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. खळ्याच्या खोलीत.

पंचनामा जिना चढला आणि अर्ध्यावर थांबला. धुरासाठी दार उघडं ठेवलेलं होतं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मांडीवरच्या ताटात लसूण सोलत होती. खळ्या शेगडीपुढे घामाघूम.

"आच कमी कर. कमी म्हणजे कमी, बंद नव्हे."

"मावशी, झालं असेल आता."

"तुला झालंय. कांद्याला अजून व्हायचंय."

आता आत जायचं आणि दोघांची हजेरी घ्यायची, असं ठरवून पंचनाम्याने पुढची पायरी चढायला पाय उचलला. तेवढ्यात खळ्या म्हणाला की मावशी, जरा ढवळता का, मी खालून पाणी आणतो.

"नाही," आई म्हणाली. "मी शेगडीपाशी येणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगितलंय. आधी बंद कर, मग जा."

"नुसतं ढवळायचंय हो."

"माझा मला भरवसा नाही रे. वासच येत नाही मला. वर्ष झालं असेल. त्या दिवशी गॅस घरभर झाला आणि मी आपली खिडकीत. पोरगा बटणं नेतो ते बरोबरच करतो. पण बटणांबरोबर त्याने मलाही काढून ठेवलं. कांदा झाला की त्याचा आवाज बदलतो, तो मला अजून ऐकू येतो. हे विचारायला कुणी हवं ना."

पंचनाम्याचा उचललेला पाय तसाच राहिला. दुधापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांवर त्याने संशय घेतला होता. आईच्या नाकावर घ्यायचा राहून गेला होता. लसणाचे हात तिने त्याच्या पुढे केले होते, कारण त्यांना वास येतो हे तिला कळतच नव्हतं.

"आत ये," आई खुर्चीतूनच म्हणाली. "जिन्यात केव्हाचा उभा आहेस. तुझ्या चपला वाजतात."

खळ्याच्या हातातला डाव पडला. पंचनाम्याने आधी खळ्याला विचारायचं ते विचारलंच, यात तुझा फायदा काय. खळ्या रडवेला होऊन म्हणाला, "दादा, माझा गुरुवार जाणार होता." सडकी गाजरं निवडताना मावशींनी बाजारात हटकलं, एवढंच. मग पंचनामा आईकडे वळला.

"वास येत नाही हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू घराचा दरवाजाही काढून खिशात घातला असतास."

तो काही बोलणार इतक्यात तिने हात वर करून गप्प केलं, कान दिला आणि खळ्याला म्हणाली, आता टाक वाटाणे. भाजी शिजली. मग तिने लेकाला खाली बसवलं, जेव म्हणाली, कोबी खाऊन खाऊन चेहरा कोबीसारखा झालाय. तो जेवला. किती जेवला हे त्याला कळलं नाही आणि खळ्याची थांबवण्याची हिंमत झाली नाही.

त्या गुरुवारी कारखान्यात अर्धं पातेलं आलं. शिवणाऱ्या बाई तळाकडे बघत म्हणाल्या की उंदीर मोठा दिसतोय. खळ्याने उंदराचं नाव सांगितलं.

आता पंचनाम्याच्या घरी संध्याकाळी तो शेगडीपुढे उभा असतो आणि आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते. संशय गेलेला नाही. कांदा अजून झाला नाही कशावरून, असं तो विचारतो, ती ऐक म्हणते, तो वाकून कान देतो आणि त्याला काही ऐकू येत नाही. ही आपल्याला मुद्दाम उभं करते असं त्याला वाटतं, आणि त्यात थोडं तथ्य असावं. बटणं सकाळी खिशातून कामावर येतातच. गुरुवारी आई खळ्याकडे जाते हे त्याला माहीत आहे, तरी काहीतरी निमित्त काढून तो खळ्याला विचारतो, बंद केलास ना? दोनदा बघितलंस ना?

सोमवारी मात्र सध्या पाव आणि केळी येतात. कारखान्यात आपल्या नावावर उकडलेला कोबी गेला, हे आईला खळ्याकडून कळलं आणि तिने हुकूम काढला की ती होय म्हणेपर्यंत घरातून पातेलं बाहेर जायचं नाही. दर रविवारी तो भाजी करतो. दर रविवारी ती एक घास घेते, वास नाही पण जीभ आहे म्हणते, आणि शेजारच्या बाईंना हाक मारून ते पातेलं देऊन टाकते.

त्या गुरुवारचं अर्धं पातेलं पंचनाम्याकडे अजून येणे आहे. परवा सांगणाऱ्याने विषय काढला, तर त्याने संशयाने वर पाहिलं आणि विचारलं, "का, आई काय म्हणाली?"