गुरुवारची ओपीडी, अडकलेले घास

बेळगावात बरीच वर्षं डाएटिशियन म्हणून बसतेय. दर गुरुवारी गिळायला त्रास होणाऱ्यांची ओपीडी असते. किस्से गोळा करावे लागत नाहीत, फाईलबरोबर आपोआप येतात. हसत सांगायला घेते, पण सगळेच हसत संपत नाहीत, त्याला इलाज नाही.

*

निपाणीजवळच्या खेड्यातले आप्पा. अर्धांगवायूनंतर त्यांना घास उतरेना. मी म्हटलं, "साधं पाणी बंद. ही पावडर घालून घट्ट करा आणि चमच्यानं द्या."

त्यांच्या पत्नी, आक्का, माझ्याकडे बघतच राहिल्या. "खाण्याचं कळतंय मॅडम, पण पाणी? पाण्यापरास हलकं काय असतंय?"

पातळ पाणीच चुकून श्वासनळीत जातं, हे पटवायला अर्धा तास गेला. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आप्पांच्या पुढे तांब्या धरायचा. ठसका लागला की पाठ थोपटायचा आणि वर पुन्हा पाणीच पाजायचा! शेवटी आक्कांनी तांब्या माळ्यावर टाकला.

*

संकेश्वरचे एक निवृत्त गुरुजी. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'सगळं वाटून द्या.' सुनेनं भात, आमटी, मेथी, लोणचं, सगळं एकाच भांड्यात घालून मिक्सर फिरवला!

गुरुजींनी वाटीत बघून विचारलं, "बाळ, ह्यातलं जेवण कुठलं आणि खरकटं कुठलं?"

हे सांगताना ती माझ्यासमोर रडली. चूक तिची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी 'प्रत्येक पदार्थ वेगळा वाटा, वेगळ्या वाटीत वाढा' असं लिहिते.

*

अनगोळचा एक इंजिनिअर पोरगा. अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट उघडत नाही, घास छातीतच अडकून राहतो. हा मुलगी बघायला गेला. दोन चमचे पोहे कसेबसे घेतले आणि बशी खाली ठेवली. आजाराचं सांगायला लाजला.

मुलीकडच्यांनी ठरवून टाकलं, पोहे टाकले म्हणजे पोरगी पसंत न्हाय!

"मी फोन करून सांगू का रे त्यांना?"

"नको मॅडम. तिचं ठरलं म्हणं दुसरीकडं." मग फाईलकडे बघत म्हणाला, "मला लई आवडलीती."

*

एकदा ओपीडी लांबली, माझा डबा तसाच राहिला. आप्पा समोरच्या खुर्चीत होते. मी डबा बाजूला सरकवला, तर म्हणाले, "जेवा की मॅडम. काय आणलंय?"

"चपाती नि वांगं."

"मग सावकाश चावून खावा. मी बघत बसतो."



*

पुढे आप्पा गेले. दिवसकार्य उरकल्यावर एका गुरुवारी आक्का आल्या. नंबर लावून, रांगेत बसून. मला वाटलं, उरलेली पावडर परत द्यायला आल्या असतील. पण हात रिकामे होते.

"काय आक्का, तुम्हाला काही त्रास होतोय का?"

"दोन वर्सं घरात भाकरी थापली न्हाय मॅडम. थापायचा आवाज ह्यांच्या कानावर पडाय नको म्हणून. ल्योक शेजारनं मागून आणायचा, मागं परड्यात बसून खायाचा." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "आता थापली तर चालंल?"