दाजींनी मांडलेला महिन्यांचा लिलाव

आमच्या दाजींना अख्खा भाजी बाजार ‘भोंगा’ म्हणतो आणि ते खुशाल ‘ओ’ देतात. ताईचं लग्न ठरवताना ही माहिती आमच्यापासून लपवून ठेवली होती. टोमॅटोच्या क्रेटवर उभं राहून लिलाव पुकारणं हे त्यांचं काम. भाव चढवायला लागले की पुलापलीकडची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. घरात मात्र तोंडात मिठाची गुळणी. ताईला बघायला आले तेव्हा तासभर एक शब्द बोलले नाहीत आणि निघताना एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘तीन वार.’’ बाबा दचकले. लिलावात सौदा पक्का झाला की असं म्हणतात आणि जावयांना मुलगी पसंत आहे, हे त्यांच्या काकांनी समजावून सांगितलं तेव्हा कुठे आमच्या घरात चहा पुढे सरकला.

ताई त्याच बाजारात पालेभाजी विकते. बाजारात बायका ढिगाने आणि संडास एक, तोही पुरुषांचा. म्हणून ताई सकाळपासून पाण्याच्या थेंबाला शिवायची नाही. यंदा दोनदा तापाने फणफणली. डॉक्टरीणबाईंनी खडसावलं, की दिवसभर पाणी प्या, नाहीतर बाजारात बसणं सोडा. पुढच्या खेपेला लघवीचा हा संसर्ग मूत्रपिंडावर जाईल. ताईचा चेहरा पडला. ‘‘बाजार सोडून घरात कोणाशी बोलू?’’ ती दाजींकडे बघून म्हणाली. ‘‘ह्यांच्याशी?’’ दाजींनी खाली मान घातली. त्यांना ते पटलं होतं.

त्याच सुमारास नगरपरिषदेच्या भिंतीवर एक सूचना लागली. सूचना अशा उंचीवर लावतात की त्या फक्त पालींना वाचता याव्यात. मी पाणीपट्टीच्या रांगेत मान वर करून उभी होते म्हणून दिसली. बाजारातल्या मोकळ्या कोपऱ्यावर कारंजं बांधण्याचं योजलं आहे. नागरिकांनी हरकती आणि सूचना लेखी द्याव्यात. ज्यांना सभेत बोलायचं असेल त्यांनी अर्जात तसं नमूद करावं. घरी येऊन सांगितलं, तर ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘‘कारंजं? म्हणजे आम्ही दिवसभर दम धरून बसायचं आणि समोर पाणी उडताना बघायचं?’’ मग ती दाजींकडे वळली. ‘‘तुमचा आवाज कांद्याच्या उपयोगी पडतो, कोबीच्या पडतो. एकदा बायकोच्या पण पडू द्या.’’

अर्ज मी लिहिला, की त्या कोपऱ्यावर कारंज्याऐवजी बायकांसाठी संडास बांधा, आणि आमच्या वतीने सभेत दाजी बोलतील. बाजारातल्या झाडून सगळ्या बायकांनी सह्या केल्या. कारकून पोच द्यायला टाळाटाळ करत होता, तेव्हा ताईने त्याच्या टेबलासमोर स्टूल ओढलं आणि मेथी निवडायला घेतली. पोच लगेच मिळाली. भाषणही मीच लिहून दिलं आणि दाजींकडून घोकून घेतलं. ‘सन्माननीय अध्यक्ष महोदय’ हे शब्द ते फ्लॉवर विकायच्या चालीवर म्हणायचे, पण वेळ थोडा होता आणि शिष्य चाळिशीचा.

सभेच्या दिवशी प्रेक्षकांचे बाक बाजारातल्या बायकांनी गच्च भरले. इतकी माणसं बघायची नगरसेवकांना सवय नव्हती. जो तो शर्टाची कॉलर सारखी करत होता. दाजींचं नाव पुकारलं गेलं. ते उभे राहिले, ‘‘सन्माननीय’’ म्हणाले आणि तिथेच रुतले. मी मागून पुढचं वाक्य फुसफुसत होते, ताई डोळे मिटून बसली होती, आणि आमचा भोंगा घामाने निथळत होता. मला त्यांची इतकी कीव कधीच आली नव्हती.

अध्यक्ष प्रेमळपणे हसले. ‘‘कळलं, कळलं. बायकांची सोय व्हायलाच हवी. आधी कारंजं होऊ द्या, मग वर्षभरात बघू.’’

वर्ष हा आकडा कानात पडला मात्र, दाजींचा कणा ताठ झाला. उजवा हात आपोआप वर गेला.

‘‘वर्ष आलं,’’ खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ‘‘वर्षाची बोली आली. वर्षाच्या खाली कोण?’’

मग विरोधी पक्षाच्या चष्मेवाल्या बाई, ज्यांना अध्यक्षांचं काहीच पटत नाही, हसत म्हणाल्या, ‘‘दहा महिने.’’ बायकांनी टाळ्या कुटल्या. आणि टाळ्या ऐकल्यावर नगरसेवक थांबतो होय? पलीकडून कोणी आठ म्हणालं, कोणी सात. ‘‘अध्यक्ष मी आहे,’’ अध्यक्ष लालबुंद होऊन म्हणाले, ‘‘सहा.’’ कारकून लेखणी हवेत धरून विचारत होता, ‘‘हे इतिवृत्तात काय म्हणून लिहू?’’ त्याला कोण विचारतो. जन्मभर भाव चढवणारा माणूस आज उतरवत होता आणि त्याला तेही झकास जमत होतं. मी तर बाकावर उभीच राहिले. एका तरुण नगरसेवकाला इतका चेव आला की तो ओरडला, ‘‘आठ दिवस!’’

दाजींनी हात खाली घेतला. ‘‘थट्टेची बोली घेत नाही. आठ दिवसांत बांधलेलं आठ दिवसच टिकतं.’’ मग ते कोपऱ्यातल्या इंजिनिअरकडे वळले. ‘‘साहेब, खरा भाव तुम्ही बोला.’’

त्या बिचाऱ्याला त्या सभागृहात कोणी कधी काही विचारलं नसावं. त्याने घसा साफ केला. ‘‘चार महिने. कारंजं नाही केलं तर तीन.’’

‘‘तीन महिने, कारंज्याशिवाय. एक वार.’’ दाजींनी सगळीकडे नजर फिरवली. ‘‘दोन वार. कोणाच्या नावावर?’’

अध्यक्षांनी बायकांकडे बघितलं. बायका अध्यक्षांकडेच बघत होत्या. ‘‘माझ्या,’’ ते म्हणाले.

‘‘तीन वार.’’ थाप टेबलावर पडली आणि अध्यक्षांचा पेला सांडला. लिलावाने ठराव होत नाही, त्याला हात वर करावे लागतात, असं कारकुनाने नियमावर बोट ठेवून सांगितलं. आता चारचौघांत बोली लावलेले लोक हात खाली कसे ठेवणार? झाडून सगळे वर गेले. दाजींचाही गेला होता, तो कारकुनाने उतरवायला लावला.

ठराव झाला म्हणून भिंत उभी राहत नाही. ताई दर आठवड्याला ठरावाची प्रत घेऊन नगरपरिषदेत जायची, सोबत निवडायची भाजी असायची. तिला बघितलं की लोक आपणहून सिमेंट कुठवर आलं ते सांगायचे. काम मुदतीत झालं.

उद्घाटनाला दाराशी लाल फीत बांधली होती. अध्यक्ष कात्री घेऊन भाषणाला उभे राहिले. ‘महिलांचा सन्मान’ इथून ते सुरू झाले आणि संपायचं नाव घेईनात. ताईने बराच वेळ कळ काढली. मग पुढे होऊन म्हणाली, ‘‘तुमचं चालू द्या साहेब, मला जायचंय,’’ आणि फितीखालून वाकून आत गेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी, अख्खा बाजार. अध्यक्ष बोलतच होते. कोथिंबीरवाल्या आजींचे गुडघे धरलेले. त्या फितीपाशी येऊन थबकल्या. तेव्हा दाजी गर्दीतून पुढे झाले, त्यांनी दोन्ही हातांनी फीत डोक्याच्या वर उचलली, आणि शेवटची बाई आत जाईपर्यंत ती तशीच धरून उभे राहिले.