पेटीतली मधली जागा

भिंगवाल्यांना जगात दोनच गोष्टींचा त्रास होता: घड्याळात शिरलेलं पाणी आणि धाकटे साडू. पाणी निदान वाळायचं तरी.

धंदा घड्याळदुरुस्तीचा, पण गावात मान होता तो नाण्यांमुळे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक वाकडा दिवा आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, तेही मुद्दाम डगमगतं ठेवलेलं, म्हणजे माणूस फार वेळ बसू नये. तरी लोक नाणी घेऊन यायचेच. ‘खास आहे का बघा हो.’ भिंगवाले भिंग डोळ्यात खोचत, नाणं कडेनं धरून दिव्याखाली तिरपं करत आणि बहुतेक वेळा हसत.

"चमकतंय म्हणून हुरळून जाऊ नका. टांकसाळीत नवे ठसे बसवले की पहिली काही नाणी अशीच चकचकीत निघतात. बाजारात खर्चायचंच नाणं हे. अंघोळ करून आलंय एवढंच."

माणूस पडलेल्या चेहऱ्यानं परत जाई आणि भिंगवाल्यांना त्यानंतरचा चहा जरा जास्तच गोड लागे.

त्यांचं स्वतःचं जहाजाचं नाणं मात्र खास. संग्राहकांसाठी वेगळं पाडतात तसलं, प्रूफ. छंद मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात काचेच्या पेटीतली मधली जागा, दिव्याखालची, या नाण्याची. तिथं दुसऱ्या कुणी नाणं ठेवावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

यंदा आलं. आणि तेही कुणाच्या?

धाकटे साडू जुनं फर्निचर घेऊन, रंगवून विकत. दुकान कोपऱ्यावर, दोन्ही रस्त्यांना तोंड. घराला ऊन. सासूबाई तर त्यांच्या विनोदावर आधी हसत आणि मग विनोद ऐकत. भिंगवाले हे सगळं मनात जपून ठेवत.

"साडूभाऊ, एक गंमत दाखवतो," म्हणत धाकटे साडू एका दुपारी आले आणि स्टूलवर असे बसले की ते डगमगलंच नाही. खिशातून मखमली डबी निघाली. "भंगारातून कपाट उचललं, त्याच्या चोरखणात होती. तुमच्यासारखंच जहाज आहे बघा. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, खरं निघालं तर पेटीत मध्ये ठेवू. मी म्हटलं, आमचे साडूभाऊ सांगतील तेच खरं."

आपलं जहाज मिळवायला भिंगवाल्यांनी उमेदीची वर्षं जुने बाजार पालथे घातले होते. आणि याला कपाटाबरोबर फुकट!

"पॉलिश मारलेलं असणार," ते भिंग शोधता शोधता म्हणाले. भिंग डोळ्यातच होतं.

पॉलिश मारलेल्या नाण्यावर कापडाचे बारीक ओरखडे राहतात. भिंगवाल्यांनी ओरखडा शोधला. एक तरी निघू दे म्हणून मनातल्या मनात हात जोडून शोधला. सापडेना. जहाजाभोवतालची मोकळी जागा काळ्या पाण्यासारखी नितळ होती; तिच्यात त्यांना स्वतःचाच डोळा दिसला, तोही वटारलेला. त्या आरशावर जहाज पिठासारखं पांढरं, शिडाची दोरी न् दोरी मोकळी. कडा तर अशी चौकोनी, की बोट कापावं.

"खरं कसं असतं ते आता दाखवतोच तुम्हाला." त्यांनी खणातून आपलं नाणं काढून शेजारी ठेवलं.

इथेच चुकलं. इतक्या वर्षांत त्यांनी आपलं नाणं दुसऱ्या प्रूफशेजारी कधी ठेवलंच नव्हतं. गावात दुसरं होतं कुठे? आता शेजारी ठेवल्यावर दिसलं: आपली शिडं आणि आपलं पाणी एकाच चमकीनं चमकतंय. कडा गोलसर. अक्षरं खांदे पाडून उभी. लोकांना सांगायचं वाक्य त्यांना न बोलावता आठवलं. अंघोळ करून आलंय एवढंच.

"काय हो, साडूभाऊ? घामाघूम झालात."

"दिवा तापतो हा."

"मला तर बुवा दोन्ही सारखीच दिसतात."

हेच तर! ज्याला कळत नाही त्याच्याच पदरात पडायचं. ‘पॉलिश आहे’ एवढं म्हटलं की मधली जागा वाचली. तोंड उघडलंही. पण भिंग अजून डोळ्यात होतं, आणि भिंग डोळ्यात असताना खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"खरं आहे," ते दाढ उपटल्यासारखं बोलले. "तुमचंच ठेवा. माझं काय, दरवर्षी तेच तेच."

घरी बायको वाट बघतच होती. "अहो, धाकटीचा फोन होता. मेहुण्यांचं नाणं मध्ये ठेवणार म्हणे? मग तुमचं?"

"त्यांच्या घरात ऊन येतं."

"मी नाण्याचं विचारतेय."

"मी तेच सांगतोय."

पेटी लावायचं काम दरवर्षी भिंगवाल्यांचंच. साडूंचं नाणं त्यांनी मधल्या जागेवर ठेवलं, पण सपाट. आपलं ठेवताना ते खाली बुचाचा तुकडा सरकवत, म्हणजे नाणं तिरपं राही. सपाट प्रूफमध्ये वरचा दिवाच तेवढा दिसतो, नुसता पांढरा गोळा, आणि जहाज त्यात बुडून जातं. बूच खिशातच राहिलं. खोटं तर काही बोललो नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

लोक डोकावून पुढे जाऊ लागले. "हे खास? दिवा दिसतोय नुसता." "भिंगवाल्यांचं बरं होतं." खांबाआड उभ्या भिंगवाल्यांना त्या दिवशीचा चहा फारच गोड लागला.

इस्त्रीचा शर्ट घालून धाकटे साडू पेटीपाशी घसा कोरडा करत होते. "अहो, खरं आहे! आमच्या साडूभाऊंनी स्वतः बघून सांगितलंय."

"मग त्यांची नजर गेली असणार," कुणीतरी म्हणालं. "वय झालं आता."

"त्यांची नजर? तुमचे दोन्ही डोळे एकीकडे आणि त्यांचा एक..."

"सरका," मागून भिंगवाले म्हणाले. पेटी उघडली, नाणं कडेनं उचललं, खिशातलं बूच खाली सरकवलं. पाणी काळंभोर झालं आणि त्यातून पांढरं जहाज वर आलं.

"ओहो!" सगळी गर्दी एकदम वाकली. "कुणाचं हो हे?"

"माझं!" धाकटे साडू म्हणाले. त्यांना शेकहँड करायला आलेल्या कुणाच्या तरी कोपरानं भिंगवाले पुन्हा खांबापाशी गेले.

तिथं बायको उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं.

"बूच तुमचं ना?"

"हो," भिंगवाले कुरकुरले. "बूच माझं."